पत्र्यावर उमटणारा उजेड



स्वागत समितीच्या वतीनं पिंपरी-चिंचवडमध्ये मी आपलं मनापासून स्वागत करतो.

गाड्यांच्या छायाचित्रणाचं संमेलन, तेही कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या फ्लॅशच्या प्रकाशात गाडी कशी टिपावी या एकाच विषयाला वाहिलेलं, आमच्या गावात भरावं याचा मला फार आनंद आहे. १९६०च्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली. त्याच दशकात, १९६६ साली, पुण्याच्या वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था उभी राहिली. पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. इथल्या घराघरांत कुणी ना कुणी वेल्डिंग करतं, साचे घडवतं, सीट शिवतं किंवा रंग मारतं. तुम्ही ज्या वस्तूचे फोटो काढता, ती वस्तू आम्ही हातानं ओळखतो.

माझी स्वतःची नोकरी इथल्याच एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये झाली, आणि तिचा मोठा भाग तपासणीच्या बूथमध्ये गेला. त्यामुळे मी आज जे बोलेन ते कॅमेऱ्याच्या मागून असणार नाही, पत्र्याच्या बाजूनं असेल.

ज्यांनी असा बूथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर ट्यूबलाइटच्या लांबच लांब ओळी असतात. रंगवलेली बॉडी सरकत येते. तपासनीस तिच्याकडे बघतो असं वाटतं, पण त्याची नजर असते पत्र्यावर उमटलेल्या ट्यूबच्या रेघेवर. दरवाजावरून ती रेघ सलग वाहत गेली तर पत्रा साफ. कुठे लचकली, तुटली, फुगली, तर तिथे डेंट आहे, धुळीचा कण आहे किंवा रंगाचा ओघळ आहे. रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन, आणि त्यातला उंचसखलपणा बोटाला लागायच्या आधी त्या रेघेत दिसतो. नव्यानं लागलेल्या मुलाला आम्ही पहिल्यांदा हेच शिकवायचो: पत्रा बघू नकोस, पत्र्यात काय दिसतंय ते बघ.

फ्लॅश लावून गाडीचा फोटो काढणाऱ्यानंही सगळ्यात आधी हेच शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

काळी गाडी घ्या. वरच्या क्लिअर कोटचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश हा थर परत पाठवतो, बाकीचा खाली रंगात उतरतो. पांढऱ्या गाडीत खालचा रंग तो प्रकाश चहूकडे उधळून देतो, म्हणून ती कुठूनही उजळली तरी दिसते. काळा रंग तो गिळून टाकतो. मग काळ्या गाडीच्या फोटोत उरतात फक्त ते ४ टक्के. तिरक्या नजरेनं पाहिलं की हे प्रमाण वाढत जातं, म्हणूनच दुरून पाहिलेल्या बोनेटवर आख्खं आभाळ पसरलेलं असतं. तिची खांद्याची रेघ, दरवाजाचा पोटाकडचा उतार, चाकावरची कमान, सगळं त्या परत आलेल्या प्रकाशानं काढलेलं चित्र असतं.

हे ध्यानात न घेता उघडा फ्लॅश थेट काळ्या दरवाजावर मारला, तर हाती काय लागतं ते इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. एक लहानसा पांढराफटक ठिपका, आणि बाकी दरवाजा काळाच. ताकद दुप्पट केली तर जमीन उजळते, दरवाजा तसाच राहतो. कारण दरवाजाला त्या जागेवरून फ्लॅशचं इवलंसं तोंडच दिसत होतं. त्याला मोठं काहीतरी दिसायला हवं: लांब स्ट्रिप बॉक्स, ताणलेला पांढरा कपडा, चुना दिलेली भिंत. फ्लॅश त्या कपड्यावर मारा, आणि कपडा गाडीला दिसेल असा धरा. मोठ्या स्टुडिओंत गाडीवर तिच्याहून लांब दिव्याची पेटी टांगतात, ती याचसाठी.

आता कपडा धरायचा कुठे? प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे आपण शाळेत शिकलो. पण बोनेटला एकच कोन नसतो, तो दर वितीला बदलतो. यावर सोपा उपाय आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करा. सोबत्याच्या हाती पेटलेली बॅटरी देऊन त्याला गाडीभोवती हळूहळू फिरवा. कॅमेऱ्यातून पाहताना बॅटरीचा ठिपका ज्या क्षणी दरवाजावर हव्या त्या ठिकाणी उमटेल, तिथे त्याला थांबवा. दिव्याची जागा ती. मग तो ठिपका त्या पॅनेलवर हवा तिथून हवा तिथपर्यंत सरकवायला सोबत्याला जितकं अंतर चालावं लागतं, तेवढी तुमच्या कपड्याची लांबी.

अंतराबद्दलही थोडं बोलतो, कारण इथे जुने हातसुद्धा अडखळतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, हा नियम टायरला, बंपरच्या खालच्या काळ्या प्लास्टिकला आणि जमिनीला लागू होतो. ४ मीटर लांबीच्या गाडीपुढे १ मीटरवर दिवा ठेवलात, तर मागच्या टोकाला पुढच्यापेक्षा २५ पट कमी उजेड पोहोचतो. तोच दिवा ४ मीटरवर नेलात, तर फरक अवघा ४ पट उरतो. पण क्लिअर कोटमध्ये उमटलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाला हा नियम लागू नाही. दिवा दूर नेला की प्रतिबिंब लहान होतं, त्याची चमक तशीच राहते. एकाच दिव्याचे हे दोन हिशेब एकाच गाडीवर एकाच वेळी चालू असतात. म्हणून दरवाजा मनासारखा उमटला की टायर अंधारात जातो, आणि टायर उजळला की दरवाजा भडक होतो. यावर उपाय म्हणजे दोघांना वेगवेगळा उजेड देणं, मग तो दोन दिव्यांनी द्या किंवा एकाच दिव्यानं काढलेल्या दोन फ्रेममध्ये.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर का हवा, याचं एक कारण तर आपल्याकडच्या प्रत्येक नव्या गाडीवर लावलेलं आहे. १ एप्रिल २०१९पासून तयार झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. या प्लेटवरचा थर प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. रात्री मागच्या गाडीच्या चालकाला नंबर वाचता यावा म्हणून ती सोय आहे. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश असेल तर तो सगळा प्रकाश थेट लेन्समध्ये येतो आणि प्लेट जळून पांढरी होते. ट्रकच्या मागची रिफ्लेक्टर टेपही तेच करते. फ्लॅश दोन-तीन मीटर बाजूला न्या, प्लेट शांत होते.

मला फ्लॅशबद्दल जी आपुलकी वाटते तिला एक खास कारण आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन नावाचे विद्युत अभियंते होते. १९३१ साली त्यांनी ज्या कामावर डॉक्टरेट मिळवली, ते काम फिरत्या सिंक्रोनस मोटरचा अभ्यास करण्याचं होतं. फिरणारा भाग डोळ्याला पकडता येत नाही, म्हणून त्यांनी क्षणभर लखलखणारा दिवा वापरला, आणि मोटर जागच्या जागी थांबल्यासारखी दिसू लागली. तुमच्या हातातल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं घराणं तिथपर्यंत जातं. यंत्र नीट दिसावं म्हणून हा दिवा घडला, ही गोष्ट आमच्यासारख्या कामगार वस्तीला फार जवळची आहे.

आणि रात्रीच्या प्रकाशाबद्दल बोलताना ओ. विन्स्टन लिंक यांचं नाव घेतलंच पाहिजे. त्यांचं शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची अखेरची वाफेची इंजिनं टिपली, बरीचशी रात्री, आणि एकदाच पेटून संपणारे फ्लॅश बल्ब लावून. काळंकुळकुळीत इंजिन, काळी रात्र, धावती गाडी, आणि संधी एकच. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये १९५६ साली काढलेलं त्यांचं छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पुढे उघड्या टपाच्या गाडीत बसलेलं जोडपं, पडद्यावर जेट विमान, आणि पलीकडून वाफ सोडत जाणारं इंजिन. रात्र त्यांनी आवडीनं निवडली, कारण दिवसा सूर्याला हवं तिथे हलवता येत नाही आणि रात्री प्रत्येक दिवा माणूस ठरवेल तिथे उभा राहतो. इतक्या बल्बांच्या लखलखाटात पडद्यावरचं चित्र धुऊन निघालं, तेव्हा ते विमान त्यांनी नंतर डार्करूममध्ये बसवलं.

हे मी मुद्दाम सांगतो. एकच फ्लॅश हातात घेऊन गाडीभोवती फिरायचं, प्रत्येक पॅनेलची वेगळी फ्रेम घ्यायची आणि नंतर संगणकावर उजळ भाग एकमेकांवर चढवायचे, ही पद्धत आज रूढ झाली आहे. तिला कमअस्सल म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. विमान नंतर बसवलं म्हणून लिंक यांचं इंजिन खोटं ठरलं नाही. महागडे दहा दिवे ज्याला परवडत नाहीत त्या मुलाला एका दिव्यात गाडीचा प्रत्येक पत्रा समजून घेता येतो. माझ्या मते शिकण्याची याहून चांगली रीत नाही.

माझी हरकत दुसऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती या व्यासपीठावरून मांडणं मला माझं कर्तव्य वाटतं. ज्या प्रकाशाला धार असते, म्हणजे स्ट्रिप बॉक्सची सरळ कड ज्यात उमटते, तो प्रकाश पत्र्याचा प्रत्येक दोष सांगतो. आमच्या बूथमधली ट्यूब हेच काम करायची. याउलट चहूबाजूंनी एकसारखा पसरलेला मऊ उजेड डेंट गिळतो, पुटी लपवतो, दुसऱ्यांदा मारलेला रंग आणि मूळचा रंग यांतला फरक मिटवतो. जाहिरातीत नव्या गाडीला तो खुशाल द्या. पण वापरलेली गाडी विकताना काढलेल्या फोटोत असा उजेड वापरणं ही फसवणूक आहे. एखादं कुटुंब साठवलेल्या पैशांतून पहिली गाडी घेतं ते आता बहुधा फोटो बघूनच. त्यांच्यासाठी प्रत्येक पॅनेलची निदान एक फ्रेम अशी घ्या, की तिच्यावरून प्रकाशाची कड आरपार गेलेली दिसेल. पुढच्या दोन दिवसांतल्या चर्चांमध्ये या मागणीवर बोलणं व्हावं, आणि जमल्यास सर्वांनी मिळून तसा संकेत ठरवावा, अशी माझी संमेलनाध्यक्षांना विनंती आहे.

मेटॅलिक रंगाबद्दल मी फार बोलत नाही, त्यावर उद्या सकाळी स्वतंत्र सत्र आहे. एवढंच, की त्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण आडवे निजलेले असतात. समोरून पाहिलं तर ते उजळ दिसतात, तिरकं पाहिलं तर गडद. म्हणजे दिव्याची जागा बदलली की गाडीचा रंगच बदलतो. पेंट शॉपमध्ये दोन पॅनेलचा रंग जुळवताना आम्ही ती एका कोनातून पाहून कधीच पास करत नसू. तुम्हीही करू नका. पोलरायझरवरही सत्र आहेच. तो क्लिअर कोटवरची आणि काचेवरची चमक उतरवतो, क्रोमवर मात्र त्याचा जोर चालत नाही, हे तिथे प्रात्यक्षिकासह पाहायला मिळेल.

आता व्यवस्थेबद्दल. आजचं प्रात्यक्षिक सूर्यास्तानंतर लगेच मागच्या पटांगणात सुरू होईल. आभाळ निळं असतं तो वेळ थोडाच असतो, म्हणून चहा आधी घ्यावा ही नम्र सूचना. ॲपर्चर आणि फ्लॅशची ताकद एकदा बसली की तिला हात न लावता, आभाळ मावळेल तसा फक्त शटर सावकाश करत जायचा, असा क्रम आपण ठेवला आहे. त्यानं गाडीवरचा उजेड तोच राहील आणि मागचं आभाळ तुमच्या हाती राहील.

प्रत्येक स्टँडवर वाळूची पिशवी असलीच पाहिजे. संध्याकाळी इथे वारा सुटतो, आणि सॉफ्टबॉक्स बोनेटवर पडला तर मालकाचं मन मोडेल ते कुठल्याही पॉलिशनं भरून येणार नाही. गाडी पुसायची ती कार्यकर्त्यांकडच्या स्वच्छ मायक्रोफायबरनंच. धुळीच्या फडक्यानं पडलेले चरे फ्लॅशमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. पटांगणाच्या उत्तरेला वाहता रस्ता आहे, त्या दिशेला फ्लॅशचं तोंड करायचं नाही. दुचाकीवरच्या माणसाच्या डोळ्यांवर असा प्रकाश पडला तर काय होईल, ते मला सांगायला नको. बाहेर रस्त्यावर जाऊन कुणीही दिवे मांडू नयेत. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, पाहुण्यांनाही.

आपल्या गाड्या आम्हाला देणाऱ्या मालकांचे मी आभार मानतो. त्यांतली एक प्रीमियर पद्मिनी आहे, मालकांच्या वडिलांनी घेतलेली. तिला नवा क्लिअर कोट नाही, जुनाच रंग हातानं घासून जपलेला आहे, आणि तिच्यावर प्रकाश वेगळा वागतो. तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा. स्टँड धरणाऱ्या, कपडा ताणणाऱ्या, बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरणाऱ्या स्वयंसेवक मुलामुलींचीही ओळख करून घ्या. बहुतेक जण इथल्या आयटीआयचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाला कॅमेरा हातात घ्यावासा वाटला तर कृपया तो द्या.

 आता मी उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी व्यासपीठासमोर उभ्या असलेल्या गाडीवर पहिला फ्लॅश टाकून संमेलनाचं उद्घाटन करावं. स्टँड बसवलेला आहे, ट्रिगर टेबलावर आहे.