विठाबाईंच्या नावाचा फड

(नारायण पेठेत महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत ती पेठ नारायणराव पेशव्याच्या नावाची. पेशवाईत याच शहरात लावणी बहरली. रामजोशी, होनाजी बाळा ही नावं आपण शाळेतच पाठ केली. बाईच्या तोंडी शृंगार घालणारे हे शाहीर पुरुष, आणि तमाशात तो नाचून दाखवणारा नाच्याही पुरुषच. बायका फडावर मागाहून आल्या. आल्या त्या बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या. या बायकांच्या श्रमांवर आणि देहावर कुणी कुणी हक्क सांगितला, हे शर्मिला रेगे यांनी १९९५ साली एका लेखात मांडलं. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचा.

मला आज बोलायचंय विठाबाई नारायणगावकरांबद्दल. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. वडील आणि चुलते म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, त्यांचा नावाजलेला फड. पोर चालायला लागली ती घुंगरांच्या आवाजातच. पुढे तिचा स्वतःचा फड झाला आणि पाटीवर आलं: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. ही पाटी जरा सावकाश वाचू या. आधी बाईचं नाव, मग बापाचं, मग जात, मग गाव. नवरा कुठेच नाही. आणि ज्या जातीच्या नावाने गावात हाक मारली तर ती शिवीसारखी लागायची, तेच नाव जाहिरातीवर. लोक तिकीट काढून यायचे ते या नावासाठी. तुमच्याआमच्यापैकी किती जणींच्या नावावर घराचा उतारा आहे, हे एकदा मनाशी विचारून बघा.

विठाबाईंचं नाव काढलं की सगळे एकच गोष्ट सांगतात. दिवस भरले होते तरी त्या नाचत होत्या. कळा आल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांना उमगलं, आणि त्यांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट सांगून झाली की "काय धीराची बाई!" असं म्हणायची पद्धत आहे. मला त्या म्हणण्याचा राग येतो. धीर होताच, प्रश्न तो नाही. नवव्या महिन्यात ती बोर्डावर का होती? खेळ बंद ठेवला तर सुपारीचे पैसे परत, आणि फडातल्या माणसांचं पोट कशावर? शेतात निंदणी करता करता बाळंत झालेल्या बाईला आपण वीरांगना म्हणत नाही, मजूर म्हणतो आणि तिच्यासाठी रजा मागतो.

कायद्याचंही बघा. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीत घोड्यांच्या आणि कसरतींच्या खेळांबरोबर 'इतर प्रयोग' करणाऱ्या संस्थाही त्यात आल्या. म्हणजे सर्कशीतली बाई कायद्याला दिसली. तमाशातली बाई त्या 'इतर' शब्दात बसवता आली असती, पण बसवणार कोण? शिवाय विठाबाई तर मालकीण! मालकिणीला रजा देणार कोण? आपल्या बचतगटातल्या भाजीवालीचा, खानावळवालीचा हाच पेच आहे. स्वतःचा धंदा म्हणजे स्वातंत्र्य, असं आपण सरसकट म्हणतो. पण तमाशात मालकीण म्हणजे कलावंतांना उचल देणारी, त्या उचलीसाठी स्वतः कर्ज काढणारी, गाड्या, राहुट्या, परवाने सांभाळणारी, आणि रात्री पुन्हा नाचणारी.

मानमरातब पुष्कळ मिळाला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागलं. पुरस्कार द्यावा, चांगलंच आहे. पण हातपाय चालत होते तोवर त्या नावाला पेन्शन आणि दवाखाना मिळाला असता तर जास्त बरं झालं असतं.

त्यांची मुलगी मंगला बनसोडे हिनेही पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला. आईची पाटी लेकीने वाचली होती, असं मला वाटतं.

आता कामाचं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. इथून ते गाव एसटीने दोनअडीच तासांवर. येत्या पाडव्याला आपल्यातल्या चारपाच जणींनी तिथे जावं. लावणी ऐकावीच, पण दुपारी, बायका स्वयंपाकाला लागलेल्या असतात तेव्हा राहुटीत बसून विचारावं: बाळंतपणं कुठे होतात, किती दिवसांनी पुन्हा पायात चाळ बांधता, मुलं शाळेसाठी कुणापाशी असतात, उचल कुणाच्या नावावर आणि व्याज किती. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना वहीत नाव लिहून जा.