गिरकी घेणाऱ्या विमानाची परीक्षा



ज्या आष्टी गावाच्या नावापुढे तालुक्याच्या नोंदीतही ‘शहीद’ असं लिहिलं जातं, त्या गावात विज्ञानलेखकांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून उभं राहण्याचा मान तुम्ही मला दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यलढ्यात इथं काय घडलं हे या गावाला बाहेरच्या माणसानं सांगू नये. मी माझ्या विषयाकडे वळतो.

आपल्या देशात एखादं विमान तयार व्हायला वेळ लागला की वर्तमानपत्रांत ‘रखडलं’ हा शब्द येतो. काही वेळा तो खराही असतो. पण त्यात गेलेल्या वर्षांतला एक भाग असा आहे, ज्याची बाजू मला आज मांडायची आहे. तो म्हणजे विमान मुद्दाम ताब्याबाहेर नेऊन पुन्हा ताब्यात आणण्याच्या चाचण्या.

समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. वैमानिक नुसतं ‘अल्फा’ म्हणतात. अल्फा वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. तुमच्या संत्र्याच्या बागेतलं पाटाचं पाणी वळणावर काठ धरून जातं आणि वळण फार आखूड असलं तर काठ सोडून भोवरा करतं, तशी हवा पंखाची पाठ सोडते. उचल ढासळते. हा स्टॉल. तो फक्त कमी वेगात होतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. कोन ओलांडला की कोणत्याही वेगाला स्टॉल येतो.

खरी अडचण पुढे आहे. दोन्ही पंख एकाच क्षणी, सारखे स्टॉल होत नाहीत. एक आधी पडतो. खाली जाणाऱ्या त्या पंखाचा अल्फा खाली जाण्यामुळेच आणखी वाढतो, त्याची उचल आणखी कमी होते आणि अवरोध वाढतो. वर जाणारा पंख त्या मानानं शाबूत राहतो. मग विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागतं, आणि हे फिरणं आपणहून चालू राहतं. हा स्पिन, म्हणजे गिरकी. त्यातून बाहेर काढायचं काम मुख्यतः शेपटीवरच्या रडरचं. पण इतक्या मोठ्या कोनात शेपूट बऱ्याचदा पंखांच्या आणि धडाच्या विस्कटलेल्या हवेत सापडते, आणि गरज असते तेव्हाच रडरची ताकद गेलेली असते.

विमानविद्येच्या पहिल्या दिवसांत गिरकी म्हणजे मृत्यूच मानत. १९१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क गिरकीत सापडले आणि रडर उलट दिशेला देऊन जिवंत बाहेर आले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लिंडमन हे भौतिकशास्त्रज्ञ फार्नबरोला स्वतः विमान चालवायला शिकले, मुद्दाम गिरकीत शिरले, आणि फिरत असताना उपकरणांवरचे आकडे टिपत राहिले. या विद्येचा पाया मी त्या कृतीत पाहतो. ज्याची भीती वाटते त्याच्या आत जाऊन मोजमाप आणायचं.

आता मराठी माणसाकडे येतो. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. वस्तूच्या पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा पातळ थर कसा वागतो आणि पृष्ठभाग केव्हा सोडतो, हे १९०४ मध्ये जगाला समजावून सांगणारे ते प्रांटल. म्हणजे स्टॉलचं शास्त्र आपला माणूस अगदी उगमापाशी शिकला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला विमान कारखाना सुरू केला होता. त्या कारखान्यात घाटग्यांनी एचटी-२ हे भारतीय आराखड्याचं प्रशिक्षण विमान उभं केलं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम उडालं. त्यांच्याच नेतृत्वाखाली झालेलं किरण हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये उडालं, आणि वायुसेनेच्या कित्येक पिढ्या त्यावर तयार झाल्या.

प्रशिक्षण विमान हे मला लढाऊ विमानाइतकंच अवघड काम वाटतं. त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या जातात. शिकवणाऱ्यानं सांगताच विमानानं गिरकीत शिरलं पाहिजे, नाहीतर विद्यार्थ्याला गिरकी कळणार कशी? आणि विशीतल्या, घाबरलेल्या, हातपाय चुकीचे हलवणाऱ्या मुलाच्या हातूनही ते हमखास बाहेर आलं पाहिजे.

किरणची जागा घेण्यासाठी आखलेल्या एचजेटी-३६ विमानाची, म्हणजे सिताराची, गोष्ट म्हणूनच नीट सांगितली पाहिजे. पहिलं उड्डाण ७ मार्च २००३ ला झालं. एप्रिल २०११ मध्ये एक नमुना विमान चाचणीत कोसळलं, वैमानिक सुखरूप बाहेर पडले. स्टॉल आणि स्पिनमधलं त्याचं वागणं मनासारखं नव्हतं. वर्षं गेली, टीका झाली, आणि एका टप्प्यावर उड्डाणंच थांबली. त्या काळात वायुबोगद्यात अभ्यास चालू होता. अखेर उभी शेपूट मागं सरकवली, रडरचं क्षेत्र वाढवलं, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी ते विमान पुन्हा हवेत गेलं.

यानंतर गिरकीच्या चाचण्या कशा होतात ते ऐका. शेपटीत एक छत्री बसवतात. गिरकीतून विमान निघालंच नाही तर ती उघडते, शेपूट मागं ओढून नाक खाली आणते, आणि मग ती तोडून टाकायची असते. ती उघडते का आणि तुटून सुटते का, याचीच वेगळी परीक्षा आधी होते. मग भरपूर उंचीवर जायचं. आधी सरळ स्टॉल, मग वळणातला स्टॉल, मग गिरकी सुरू होताच बाहेर. मग एक फेरा. उतरायचं, आकडे पाहायचे, वायुबोगद्यानं सांगितलेलं आणि आकाशात घडलेलं जुळतं का ते तपासायचं, आणि जुळलं तरच पुढच्या फेऱ्याला हात घालायचा. डावीकडून, उजवीकडून, गुरुत्वमध्य पुढे असताना, मागे असताना. थ्रॉटल मागं, पंखांवरचे एलेरॉन मध्यावर, रडर फिरण्याच्या उलट, मग स्टिक पुढे, असा बाहेर येण्याचा क्रम विद्यार्थ्याच्या पुस्तकात चार ओळींत मावतो. त्या चार ओळी या कामातून येतात. जमिनीवर बसलेला अभियंता टेलिमेट्रीवर प्रत्येक फेरा पाहत असतो आणि उंची संपायच्या आत थांबण्याचा शब्द देणं त्याच्यावर असतं. जानेवारी २०२२ मध्ये या विमानानं डावीकडे आणि उजवीकडे सहा-सहा फेऱ्यांची गिरकी पूर्ण केली. २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून ‘यशस’ ठेवलं गेलं.

या उशिराला केवळ अपयश म्हणणं मला मान्य नाही. आराखड्यात उणीव होती, हे स्पष्ट म्हणावं. पण ती चाचणीनं पकडली, चाचणी करणाऱ्यांनी ती झाकली नाही, आणि विमान विद्यार्थ्याच्या हाती जाण्याआधी हे झालं. उलट क्रमानं झालं असतं तर किंमत घराघरांनी मोजली असती.

लढाऊ विमानांत हाच प्रश्न वेगळ्या रूपानं येतो. अमेरिकेत नासानं १९८७ ते १९९६ या काळात एका एफ-१८ वर ७० अंशांपर्यंत अल्फा नेऊन पाहिला. इतक्या मोठ्या कोनात नाकावरून सुटणारे भोवरे डावीकडे-उजवीकडे असमान होतात आणि वैमानिकानं काही न करताही विमान बाजूला वळतं. आपल्या तेजसमध्ये संगणकच वैमानिकाला मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही, पण ती मर्यादा कुठे आखायची हे शेवटी आकाशातच ठरवावं लागतं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये पुढचे छोटे पंख आणि झोताची दिशा वळवणारी नोझल आहेत, त्यामुळे शेपटीची ताकद गेली तरी विमान ऐकतं. त्याच कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क १ए आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादन-साखळ्या सुरू झाल्या. गिरकीतून तावूनसुलाखून निघालेलं एचटीटी-४० आता महाराष्ट्रात जोडलं जाणार आहे.

म्हणून लेखकांना माझी मागणी आहे. युद्धातल्या शौर्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, चाचणी-वैमानिक आणि चाचणी-अभियंते यांच्यावर फार थोडं. घाटग्यांचं गटिंगनमधलं शिक्षण, एचटी-२, किरण, सितारा आणि ओझर असा सलग पट मांडणारं जाड पुस्तक मराठीत हवं, आणि त्यात आकृत्या आणि आकडे न घाबरता द्यायला हवेत. आपला वाचक आकड्यांना भीत नाही, तो पावसाचे मिलिमीटर आणि बाजारभाव रोज वाचतो. सिताराबद्दलची कितीतरी माहिती संसदेतल्या प्रश्नोत्तरांत आणि ते बनवणाऱ्या कारखान्याच्या निवेदनांत उघड उपलब्ध आहे, तिथून सुरुवात करता येईल. नाशिक इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिथं निवृत्त झालेले फिटर, निरीक्षक, ग्राउंड क्रू आहेत. त्यांच्याकडे जा, परवानगीच्या चौकटीत राहून त्यांच्याशी बोला, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आजच्या दुपारच्या सत्रात या कामासाठी चार-पाच जणांनी नावं द्यावीत. मसुदे तपासायला मी तयार आहे.