चारचौघांत न बोलले जाणारे दुखणे : मूळव्याध

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला २५ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्ट यांवर आपण सभांमधून तासन् तास बोललो. गुडघे, शुगर, बीपी यांची चर्चा तर खाली बाकड्यावर रोजच चालते. पण एक दुखणे असे आहे, की शेजारी सोडाच, माणूस घरातही सांगत नाही. ते म्हणजे मूळव्याध. मी डॉक्टर नाही, बँकेतला निवृत्त माणूस. वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. तोंड नीट बंद राहायला त्यांची मदत होते. त्या फुगल्या, खाली सरकल्या, की तिला मूळव्याध म्हणायचे. आतली मूळव्याध बहुधा दुखत नाही, लालभडक रक्त तेवढे पडते. पुढे कोंब बाहेर येतो. आधी आपोआप आत जातो, मग बोटाने सारावा लागतो आणि शेवटी बाहेरच राहतो. बाहेरच्या कोंबात रक्त गोठले तर मात्र बसवत नाही इतके दुखते. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखी वेदना होत असेल तर ती बहुधा चीर, म्हणजे फिशर. बाजूच्या छिद्रातून पू येत असेल तर भगंदर. आपण सगळ्यालाच मूळव्याध म्हणतो, पण उपचार वेगवेगळे आहेत.

ती होते कशाने? मुख्य कारण बद्धकोष्ठ आणि कुंथणे. दुसरे, संडासात बसून राहणे. पूर्वी वर्तमानपत्र असायचे, आता मोबाईल आला. कमोडवर खालून आधार नसतो, त्यामुळे सगळा ताण त्या गाद्यांवर येतो. जुनाट खोकला, वजन उचलणे, लठ्ठपणा आणि बायकांच्या बाबतीत गरोदरपण हीही कारणे आहेत. आपल्या वयात लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही पोट घट्ट होते. तिखटाने आग वाढते, पण मूळ दोष कुंथण्याचा.

उपाय बरेचसे स्वयंपाकघरातच आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, पेरू, पपई. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत. ते हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस होतो. रात्री एक-दोन चमचे इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्यासोबत घ्या; पाणी कमी पडले तर उलटे होते. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितले असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. संडासाची भावना झाली की टाळू नका आणि पाच मिनिटांत उठा. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल घ्या, गुडघे वर आले की कुंथावे लागत नाही. त्रास असताना टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटे बसा, दिवसातून दोन-तीनदा. बरे वाटते.

आता मुख्य मुद्दा. माझा एक जुना सहकारी दोन वर्षे रक्त पडतेय म्हणून मलम लावत होता. कोणाला दाखवले नाही, लाज वाटली. शेवटी दुर्बीण घालून तपासले तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले, पण उशीर झाला होता. बँकेत दिवसअखेर हिशेब जुळला नाही तर ‘असेल कुठेतरी फरक’ म्हणून आम्ही वही मिटत नसू. रक्ताचेही तसेच आहे. आपल्या वयात पहिल्यांदा रक्त दिसले, शौचाची सवय बदलली, काळे शौच झाले, वजन घटले, थकवा वाढला किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर ‘मूळव्याधच असणार’ असे घरी ठरवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्राथमिक तपासणीला फार वेळ लागत नाही. सुरुवातीच्या मूळव्याधीला आहार आणि औषधे पुरतात. पुढची पायरी रबर बँड लावण्याची. त्याला सहसा दवाखान्यात राहावे लागत नाही. फार वाढलेल्यालाच ऑपरेशन. आपल्याकडे हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. म्हणजे शस्त्राआधी इतर मार्ग त्यांनाही ठाऊक होते. मात्र स्टेशनजवळच्या भिंतीवर ‘एका इंजेक्शनमध्ये कायमची बरी’ असे वाचून जाऊ नका. तिथे सुई टोचणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही.

शेवटी एवढीच विनंती. घरातल्या कोणी हळू आवाजात असे काही सांगितले, तर हसू नका. बायका तर फार उशिरा बोलतात, त्यांना आपणहून विचारा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. बाकड्यावर बसून गुडघ्याबद्दल बोलतो तितक्या सहज याबद्दलही बोलूया.