खिशांतील बाजार आणि त्याचा द्वारपाल



१ मार्च २०२४ रोजीं, शुक्रवारीं, कांहीं नामांकित भारतीय कंपन्यांचीं ॲप्स गूगलच्या प्ले स्टोअरमधून एकाएकीं नाहींशीं झालीं. त्यांत लग्नें जुळविणारीं भारत मॅट्रिमोनी व शादी हीं होतीं, नोकरी शोधून देणारें होतें, जागा दाखविणारें होतें आणि गोष्टी वाचून दाखविणारेंही होतें. ज्यांच्या फोनांत तीं आधींच बसविलेलीं होतीं त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. पण त्याच दिवशीं एखादा वधूपिता नवा फोन घेऊन स्थळें पाहावयास बसला असेल तर त्याला तें दुकानच दिसेना. ह्या कंपन्यांनीं गिऱ्हाइकाला फसविलें, किंवा त्यांच्या ॲप्समध्यें कांहीं घातक सांपडलें, असा गूगलचा आरोप नव्हता. तक्रार एवढीच कीं, दुकानाच्या धन्यानें ठरविलेला हिस्सा त्यांनीं भरला नाहीं.

एवढें ऐकून गूगलला सरसकट दोषी ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. त्या कंपनीचें म्हणणें असें होतें कीं, दोन लाखांहून अधिक भारतीय ॲपकार तिच्या दुकानाचा उपयोग करतात. हिस्सा द्यावा लागतो तो शेंकडा अवघ्या तिघांना. त्यांतील दहा कंपन्या दुकानाचा लाभ तर घेतात, पण त्याचें मोल देत नाहींत. आणि त्यांच्यासाठीं तीन वर्षें वाट पाहून झाली आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही फेब्रुवारी २०२४ मध्यें त्या कंपन्यांना अंतरिम संरक्षण देण्याचें नाकारलें होतें. तरी पण लोकांत ओरड झाली, केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव मध्यें पडले, आणि ५ मार्चपर्यंत ॲप्स परत ठेवण्याचें गूगलनें मान्य केलें. तेंही वाद न्यायप्रविष्ट असेपर्यंत, तात्पुरतें. एका दुकानाच्या फळीवर माल परत मांडला जावा म्हणून केंद्राच्या मंत्र्याला बोलणीं करावीं लागतात, ह्यावरून त्या दुकानाचें बळ ध्यानांत यावें. भारतांतील शंभर स्मार्टफोनांपैकीं नव्वदांहून अधिक फोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात. तेथून निघालेल्या मालाला दुसऱ्या पेठेंत जा असें सांगणें म्हणजे गांवाबाहेर जा असें सांगण्यासारखेंच आहे.

ज्या हिश्श्यावरून हें घडलें त्याचें गणित चौथींतल्या मुलालाही जमेल. फोनवरून भाजी, कापड किंवा टॅक्सी मागविली तर दुकानाला कांहीं द्यावें लागत नाहीं. पण जी वस्तु फोनांतच भोगावयाची, म्हणजे कथा, गाणीं, शिकवणी, स्थळांची यादी, तिच्या किंमतींतून साधारणतः शेंकडा १५ आणि मोठ्या उलाढालीच्या कांहीं व्यवहारांत शेंकडा ३० गूगलकडे जातात. विक्रेत्यानें आपलीच पैसे घेण्याची सोय वापरली तर त्यांतून चार सुटतात, म्हणजे ११ किंवा २६ उरतात. सुनेनें कथा ऐकण्याची शंभर रुपयांची वर्गणी यूपीआयनें भरली, रुपये थेट कथावाल्याच्या खात्यांत गेले, गूगलच्या हातून एक पैही सरकली नाहीं, तरी अकरा ते सव्वीस रुपये त्याला मोजून द्यावयाचेच. यूपीआयच्या व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेऊं नये असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. तेव्हां ही रक्कम पैसे पोंचविण्याची मजुरी नव्हे हें उघड आहे. गूगलही तसें म्हणत नाहीं. अँड्रॉइड तयार करून फोन बनविणाऱ्यांना फुकट देणें, दुकान चालविणें, चोरांवर नजर ठेवणें, ह्या सर्वांचें तें मोल, असें त्याचें उत्तर आहे. उत्तर ऐकण्याजोगें आहे. पण तें मोल किती असावें हें ठरविणाराही तोच, घेणाराही तोच, आणि न दिल्यास दार लावणाराही तोच.

मराठी मुलखाला हा प्रश्न अगदींच अपरिचित नाहीं. बाजार समितीच्या आवाराबाहेर भाजीपाल्याचा व्यापार करण्यास बंदी होती, तेव्हां शेतकऱ्याच्या पट्टींतून आडत कापली जाई. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें अध्यादेश काढून फळें व भाजीपाला त्या बंधनांतून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. गिऱ्हाईक आम्ही आणतों, पैशांची हमी आम्ही घेतों, हें आडत्याचें म्हणणें तेव्हांही खोटें नव्हतें. प्रश्न त्याच्या उपयोगाचा नव्हता. आवाराला दुसरें दार असावें कीं नाहीं, हा होता.

ही पद्धति रूढ कशी झाली हें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें आपल्या आयफोनसाठीं १० जुलै २००८ रोजीं ॲप स्टोअर उघडलें तेव्हां त्यांत सुमारें ५०० ॲप्स होतीं आणि शंभरांतील तीस धन्याचे हा नियम पहिल्यापासूनच होता. त्या काळीं हा हिस्सा कोणाला जाचक वाटला नाहीं. घरबसल्या जगभर माल विकण्याची सोय त्यांत होती. पुढें दुकान अफाट वाढलें, तरी तीस हा आंकडा जागचा हालला नाहीं. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मिळविणाऱ्यांना १५ टक्क्यांची सवलत मिळाली ती २०२१ च्या आरंभीं, म्हणजे खटले व चौकशा सुरू झाल्यावर.

आतां द्वारपालाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. दार उघडें टाकलें तर चोर शिरतील, असें दोन्ही कंपन्या सांगतात, आणि ज्यानें आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर आलेला प्रसंग पाहिला आहे तो ह्याला हंसणार नाहीं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एक फाईल येते. ती दाबली कीं दुकानाबाहेरचें ॲप फोनांत शिरतें आणि बँकेचें खातें रिकामें होतें. पोलिसांनीं ह्याविषयीं वारंवार सावध केलें आहे. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाला पहाऱ्याचें दार हवेंसें वाटलें तर तें स्वाभाविक आहे. परंतु पहाऱ्याचा हिशेबही पाहिला पाहिजे. कर्जाच्या नांवाखालीं लोकांना लुबाडणारीं व नातेवाइकांना धमकावणारीं जीं ॲप्स पसरलीं, त्यांपैकीं पुष्कळशीं ह्याच दुकानाच्या दारांतून आंत आलेलीं होतीं. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ ह्या एका वर्षांत गूगलनें अशीं २,२०० हून अधिक ॲप्स काढून टाकलीं, असें सरकारनें संसदेंत सांगितलें. काढलीं हें चांगलें झालें. पण आलीं कशीं? राखण हवी ह्यांत शंका नाहीं. मात्र १ मार्च रोजीं जीं ॲप्स बाहेर गेलीं तीं राखणीच्या कारणानें गेलीं नाहींत, वसुलीच्या कारणानें गेलीं. हीं दोन कामें एकाच हातांत आहेत म्हणून एकाची थोरवी दुसऱ्याच्या समर्थनार्थ सांगितली जाते, आणि वादाचा सारा गुंता येथें आहे.

अमेरिकेंत ह्या गुंत्यावर दोन खटले झाले. फोर्टनाइट नांवाचा खेळ बनविणाऱ्या एपिक गेम्स कंपनीनें १३ ऑगस्ट २०२० रोजीं खेळाडूंकडून परस्पर पैसे घेण्याची सोय आपल्या ॲपमध्यें केली. त्याच दिवशीं ॲपल व गूगल ह्या दोघांनीं खेळ दुकानांतून काढला, आणि एपिकनें दोघांवरही फिर्याद लाविली. निकाल मोठे विचित्र लागले. ॲपलच्या आयफोनवर तेव्हां दुसरें दुकान चालतच नव्हतें. तरी न्यायाधीश यव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनीं सप्टेंबर २०२१ मध्यें दहांपैकीं नऊ मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूनें निर्णय दिला. गूगलच्या अँड्रॉइडवर बाहेरचें ॲप घेतां येतें, तरी डिसेंबर २०२३ मध्यें ज्यूरीनें एकमतानें गूगलला दोषी धरलें. ज्यानें दार मुळींच ठेविलें नाहीं तो बहुतांशीं सुटला आणि ज्यानें दार ठेवून त्यांत अडथळे घातले तो अडकला! एक निवाडा न्यायाधीशाचा व दुसरा ज्यूरीचा, पुरावेही निराळे, हें खरें. तरी सामान्य माणसाला ह्यांतील न्याय सहज उमगावा असा नाहीं.

पण ॲपल ज्या एका मुद्द्यावर हरलें तो घरगुती गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. हीच वस्तु माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळते, एवढें वाक्य विक्रेत्यानें आपल्या ॲपमध्यें लिहिण्यासही ॲपलची मनाई होती. भाडें घेणें समजतां येतें. पण भाडेकरूनें गिऱ्हाइकाजवळ भाव बोलूं नये ही अट निराळ्या जातीची आहे. ज्याला भाव कळत नाहीं त्याला निवड आहे असें म्हणणें म्हणजे बंद डब्यांतून हवा तो आंबा निवड असें सांगणें होय. न्यायालयानें ही मनाई उठविली. ॲपलनें जानेवारी २०२४ मध्यें बाहेरच्या दुव्याला परवानगी दिली, आणि त्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर २७ टक्के हिस्सा लाविला. कार्डानें पैसे घेण्याचा खर्च शेंकडा तीनच्या आसपास धरला तर तीस वजा सत्तावीस वजा तीन, बाकी शून्य. परवानगी मिळाली, फायदा नाहींसा झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायाधीशांनीं, हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग आहे, असें ठरविलें.

युरोपीय संघानें खटल्यांची वाट न पाहतां आधींच नियम बांधले. त्यांच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमध्यें अशा कंपन्यांना द्वारपाल हेंच नांव दिलेलें आहे. ७ मार्च २०२४ पासून हे नियम त्यांना लागू झाले आणि आयफोनवर तेथें दुसरीं दुकानें उघडलीं. एप्रिल २०२५ मध्यें, विक्रेत्यांना बाहेरचा भाव सांगूं दिला नाहीं म्हणून, ॲपलला ५० कोटी युरो दंड झाला. ह्याची किंमत गिऱ्हाइकालाही पडली हें सांगितलें पाहिजे: कायद्याचें कारण पुढें करून ॲपलनें २०२४ मध्यें कांहीं नव्या सोयी युरोपांत देण्याचें लांबविलें. दक्षिण कोरियानें २०२१ मध्यें व जपाननें २०२४ मध्यें आपापले कायदे केले.

भारतांत स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें पांच दिवसांच्या अंतरानें गूगलला दोन दंड ठोठावले: अँड्रॉइडविषयीं १,३३७.७६ कोटि रुपये आणि प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीविषयीं ९३६.४४ कोटि रुपये. पहिला दंड अपीलांत मार्च २०२३ मध्यें कायम राहिला, पण आयोगाचे चार आदेश रद्द झाले. दुसऱ्या ॲप-दुकानांना प्ले स्टोअरमध्यें जागा द्यावी हा त्यांतलाच एक. दुसरा दंड मार्च २०२५ मध्यें २१६.६९ कोटींवर आला. दंडाच्या रकमेपेक्षां तारखांकडे पाहावें. अँड्रॉइडची चौकशी एप्रिल २०१९ मध्यें सुरू झाली, निर्णय साडेतीन वर्षांनीं, अपील त्यानंतर. एवढ्या काळांत फोनच्या दोन पिढ्या होऊन जातात आणि लहान ॲपकाराचें भांडवल संपतें. म्हणूनच नुकसान होण्यापूर्वींच बंधनें घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्यें सरकारी समितीनें लोकांपुढें ठेविला. उद्योगधंद्यांना त्यांतून काच होईल अशी टीका त्यावर झाली, आणि तींतील कांहीं भाग विचारार्ह आहे. पण खटला चालूं असतां फळी रिकामी करण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या टीकेंत सांपडत नाहीं.

दुसरें दार म्हणजे काय ह्याचा एक नमुना देशांतच आहे. फोनपेनें फेब्रुवारी २०२४ मध्यें इंडस ॲपस्टोअर नांवाचें दुकान काढलें. इंग्रजीखेरीज बारा भारतीय भाषांत तें चालतें आणि त्यांत मराठी आहे; विक्रेत्यानें स्वतःची पैसे घेण्याची सोय वापरल्यास हिस्सा नाहीं, असेंही त्यानें जाहीर केलें. (स्वदेशीच्या अभिमान्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तेव्हां फोनपेची बहुतांश मालकी अमेरिकेंतील वॉलमार्टकडे होती.) पण हें दुकान प्ले स्टोअरमधून मिळत नाहीं. संकेतस्थळावरून तें उतरून घेऊं लागलें कीं फोन धोक्याची सूचना देतो, सेटिंगमध्यें जाऊन परवानगी द्यावी लागते; आणि लग्नपत्रिकेच्या फसवणुकीची गोष्ट ऐकलेली आजी तेथेंच थांबते. तिचें चुकत नाहीं. चोराला व प्रतिस्पर्ध्याला एकच पाटी दाखविली जाते, हें मात्र बदलतां येण्यासारखें आहे.

तोंपर्यंत, कोणतीही वर्गणी ॲपच्या आंत भरण्यापूर्वीं त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तिचा भाव पाहून घ्यावा. अमेरिकेंत यूट्यूबची प्रीमियम वर्गणी २०२३ मध्यें संकेतस्थळावर १३.९९ डॉलर होती आणि आयफोनवरील ॲपमध्यें १८.९९ डॉलर. वस्तु तीच, दर महिन्याचा फरक पांच डॉलरांचा. आणि यूट्यूब हें गूगलच्याच मालकीचें आहे: आपल्या दारावर जकात घेणारा धनी दुसऱ्याच्या दारांतून माल नेतांना तिथली जकात गिऱ्हाइकाच्या बिलांत चढवीत होता.