घुंगरू बांधण्यापूर्वी



हिंजवडीच्या संगणक-कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्या तरुणाला आधी प्रशिक्षण मिळते आणि त्या काळाचे वेतनही. बारमध्ये नाचू लागणाऱ्या मुलीला चार गोष्टी सांगते ती तिच्याआधी आलेली मैत्रीणच.

2005 साली शासनाने डान्स बार बंद केले. बड्या तारांकित हॉटेलांना मात्र वगळले. हजारो स्त्रियांची रोजी बुडाली. बारबालांची युनियन न्यायालयात लढली आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली. 2019 च्या निकालाने लेखी कराराची अट कायम राखली. पण तो करार तिला वाचून कोण दाखविणार?

नीतीचा उपदेश पुष्कळ झाला. बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केले, तेव्हा आधी श्रमाची प्रतिष्ठा मानली. नर्तकीचे श्रमही श्रमच आहेत, हे कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःच्या मनाशी मान्य केले पाहिजे.