बाकावर कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, शिवणकाम, आरोग्य, बचत अशा विषयांवर पुष्कळ बोलणे होते. आज मी मौजेचा विषय घेतला आहे. सुटी लागली, की मुले ‘इमॅजिकाला जाऊ या’ म्हणून पाठीस लागतात, घरधनी रामोजी फिल्म सिटीचे नाव काढतात आणि सासूबाई म्हणतात, ‘त्यापेक्षा शिर्डीला चला, दर्शन तरी होईल.’ मग या तिन्हींपैकी कुठे जावे? विषय मौजेचा खरा. पण पाच-सहा माणसांची तिकिटे, गाडीभाडे आणि खाणेपिणे धरले, तर घरखर्चाला मोठीच कात्री लागते. तेव्हा आधी विचार केलेला बरा.

आपल्याला जत्रा माहीत आहे. जत्रेत ज्या पाळण्यात बसायचे, त्याचेच पैसे द्यायचे. या मोठ्या पार्कांची रीत वेगळी. तिथे बहुतेक सगळ्या खेळांचे पैसे दारातच घेतात. मग तुम्ही वीस खेळ खेळा, नाहीतर दिवसभर सावलीला बसा. म्हणून ‘तिथे किती पाळणे आहेत’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘आपल्यापैकी कोणाकोणाला तिथे काही करता येईल’ हा पहिला प्रश्न.

याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतले वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात नेत. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि हे गृहस्थ बाकावर बसून शेंगदाणे खात. त्यांच्या मनात आले, की आईबाप आणि मुले यांना मिळून मौज करता येईल, अशी एखादी जागा का असू नये? त्या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. म्हणजे या पार्कांचा जन्मच मुळी बाकावरच्या माणसाला उठवण्यासाठी झाला. आणि आज आपल्याकडे काय दिसते? बाक आहेच, त्यावर घरातली बाई बसली आहे, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी सगळ्यांच्या चपला!

म्हणून मी एक सोपी रीत सांगते. कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि पुढे त्याच्याजोगे दोन-तीन खेळ लिहा. पार्कांची माहिती आता मोबाइलवर मिळते; मुलांना वाचून दाखवायला सांगा. ज्याच्या नावापुढची जागा कोरी राहील, ते माणूस बाकावर बसणार हे निश्चित.

आता इमॅजिका घेऊ. हे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ आहे. २०१३ साली सुरू झाले आणि २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. मुंबईहून आणि पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते, हा त्याचा मोठा गुण. तरुण मुलांना तिथे ‘नायट्रो’ हवा असतो; त्यात माणूस चक्क उलटासुलटा होतो. अशा गाडीला बहुधा वेगळे इंजिन नसते. साखळी तिला एकदा उंचावर ओढून नेते, पुढे ती आपल्याच वजनाने धावते. भित्र्या माणसांसाठीही तिथे पुष्कळ आहे. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्या पडद्यावर भारतदर्शन होते, आपण उडतच चाललो आहोत असे वाटते. ‘राजासॉरस’मध्ये नावेतून डायनोसॉर पाहायला मिळतात, हा राजासॉरस खरोखरच आपल्या देशातला, त्याची हाडे गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली. लहानग्यांना टबी हत्तीचे पाळणे आहेत. मात्र चालणे फार आणि ऊनही फार. गुडघेदुखी असलेल्या आजींना मे महिन्यात नेऊ नये.

रामोजी फिल्म सिटी हैदराबादजवळ आहे. रामोजी राव यांनी ती १९९६ साली उभारली. सुमारे सोळाशे एकरांची जागा. जगातला सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. ‘बाहुबली’चे चित्रीकरण इथलेच. इथे पाळण्यांपेक्षा पाहण्याचे महत्त्व अधिक: राजवाडे, बागा, खोटी स्टेशने, सिनेमा कसा तयार करतात त्याचे खेळ. बसमधून हिंडवतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांना सोयीचे. परंतु आपल्याकडून जायचे म्हणजे रात्रीचा प्रवास आणि मुक्काम आला. एका दिवसासाठी एवढे जाऊ नये. गोवळकोंडा, चारमिनार, सालारजंग संग्रहालय जोडून तीन-चार दिवस काढता आले, तरच पैसे वसूल होतात.

शिर्डीचे साईतीर्थ हे भक्तीचे थीम पार्क. हेही मालपाणी समूहाचेच. इथले बहुतेक कार्यक्रम बसून पाहण्याचे आहेत. तीर्थयात्रेत देशातल्या मोठ्या देवळांच्या प्रतिकृती दिसतात, द्वारकामाईत यंत्राच्या बाहुल्या बोलतात, लंकादहनाच्या खेळात खुर्च्या हलतात. आजी खूश, नातवंडेही खूश. कॉलेजातला मुलगा मात्र कंटाळेल. त्याच्यासाठी तिथे पाण्याचे पार्क आहे.

पाण्याच्या पार्काबद्दल थोडे स्पष्ट बोलते, कारण आपल्या बायका तिथेच मागे राहतात. साडी किंवा सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत. सुताचे धागे पाणी गाळण्याच्या यंत्रात जातात आणि घसरगुंडीवर पदर अडकला तर जिवावर बेतेल. नियम योग्यच आहे. पण अंगभर झाकणारे नायलॉनचे कपडे बाजारात मिळतात, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळतात. घरून नीट मापाचे न्यावेत, म्हणजे संकोच वाटत नाही.

आणखी चार गोष्टी. मुलांची उंची घरीच भिंतीला लावून मोजा. कमरेचा आणि खांद्याचा दांडा अंगाला घट्ट बसावा म्हणून उंचीची अट असते. तिथे रडून किंवा भांडून उपयोग नाही. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी जोराच्या खेळांत बसू नये. भ्यालेल्या मुलाला ‘मुलगा असून घाबरतोस?’ असे म्हणून चढवू नका. बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी घरून पोटभर खाऊन निघा आणि शक्य तर रविवार टाळा.

माझा निवाडा असा. मुले मोठी असतील आणि एकच दिवस हाती असेल, तर इमॅजिका. सिनेमाची हौस आणि चार दिवसांची सवड असेल, तर हैदराबाद. घरात वृद्ध आणि अगदी लहान, दोन्ही असतील, तर शिर्डी.

कुठेही जा, पिशव्यांसाठी भाड्याचे कपाट घ्या, नाहीतर आळीपाळीने सांभाळा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, ‘माझेही तिकीट काढले आहे, मीही बसणार.’ यात हट्ट नाही आणि उधळपट्टीही नाही. आई हसताना, ओरडताना, केस विस्कटलेली अशी मुलांनी एकदा पाहिली, तर ती आठवण त्यांना जन्मभर पुरेल. पिशव्या सांभाळणारी आई ती रोजच पाहतात.