रात्रीची पाळी कोणाची?

(खोपट, ठाणे येथे तरुण जोडप्यांसमोर केलेलं भाषण)



इथे बसलेल्या काहींच्या घरी नुकताच पाळणा हलला आहे, काहींच्या घरी लवकरच हलेल. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण बाप झाल्यापासून मित्र मला एकच प्रश्न विचारतात: 'बाळ रात्री झोपत नाही, काय करू?'

आधी एक समजून घ्या. तुमच्या बाळाचं काही बिघडलेलं नाही. नवजात बाळ २४ तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान असतं, आईचं दूध लवकर पचतं, म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा त्याला भूक लागते. दिवस कुठला, रात्र कुठली हे शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. ते कळायला आपण मदत करू शकतो. दिवसा खिडकी उघडी, उजेड, घरातली बोलणी, एसटीचे हॉर्न, सगळं चालू द्या. रात्री मंद दिवा, हळू आवाज. दूध पाजा, लंगोट बदला, पुन्हा झोपवा. खेळ नको, मोबाइलचा उजेड नको. बाळ झोपेत कण्हतं, हातपाय हलवतं. लगेच उचलू नका, क्षणभर थांबा. बरेचदा ते झोपलेलंच असतं.

झोपवायचं नेहमी पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर. राईची उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी काढून ठेवा. अमेरिकेत १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपी जाणं फार धोक्याचं आहे.

आता घुटीबद्दल. दादी-नानी मायेने सांगतात: थोडं जायफळ उगाळून दे, मध चाटव. त्यांचा मान राखून नाही म्हणा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, औषध डॉक्टर देतील तेवढंच. मध तर वर्षभर नको.

बाळाला गुंगी देऊन झोपवणं आपल्याकडे जुनं आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगार बाया पाळीला जाताना तान्ह्या बाळाला अफूची गोळी देत. बाळगोळी म्हणत तिला. त्या आया निर्दयी नव्हत्या. त्यांना रजा नव्हती, बाळ सांभाळायला कोणी नव्हतं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशहिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. आज २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

आणि बापाला? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. म्हणून कंपनीत रजा मागा, चारचौघांनी मिळून मागा. पण रजा मिळेपर्यंत रात्र थांबत नाही. आमच्या क्षेत्रात सर्व्हर रात्री बंद पडला तर कोणी उठायचं, याची पाळी आधीच ठरलेली असते. एकाच माणसाला महिनाभर रोज रात्री उठवलं तर तो आजारी पडेल, हे आम्हाला कळतं. मग घरी आईला का उठवतो?

दूध बाप पाजू शकत नाही. बाळाला उचलून आईकडे देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं हे सगळं करू शकतो. दोन दुधांमधलं रडणं बापाने सांभाळलं, तर आईला सलग दोन-तीन तास झोप मिळते. चिल्ल्याचे चाळीस दिवस तिच्या आरामासाठी आहेत. त्यात आपला वाटा टाका.

दोन गोष्टी विसरू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, किंवा ते दुधासाठीही जागं होत नसेल, तर रात्रीच दवाखाना गाठा. आणि आई दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, सारखी रडत असेल, तर तिलाही डॉक्टरकडे न्या. तो तिचा नखरा नाही, आजार आहे आणि तो बरा होतो.

आज घरी गेल्यावर बसून ठरवा, रात्री कोण कधी उठणार. आता तुमचे प्रश्न.